साबणदाणीतली बेल

"याचं पोट सुटलं, पाय जरा," असं म्हणून तायडेकाकांनी तो चपटा सेल माझ्या तळहातावर ठेवला. चंदेरी पाकीट, हाताच्या पंजाएवढं, आणि मधोमध खरोखरच फुगलेलं. सकाळपासून तो गच्चीवर मातीच्या परातीत ऊन खात पडला होता. सोबत आणखी दोघं होते. एक जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला, अंगठ्याएवढा नळीसारखा सेल, आणि दुसरा तसाच पण जास्त जाडजूड, हिरव्या वेष्टणातला. ते दोघं जसे वर गेले होते तसेच खाली आले होते.

"एप्रिलच्या उन्हात हे हाल. मे मधी काय करन हा?"

"काका, बाजारात तयार पॉवरबँक मिळते. पाहिजे तेवढ्या ताकदीची. आणू का?"

"मिळते ना. पन तिच्या पोटात काय भरलं हाये थे तुले मालूम हाये का? वरून पाहून मी आजलोक एक बॅटरी गाडीले लावली नाई."

पलंगावर पडलेल्या काकूंनी डाव्या हाताचा अंगठा नाचवून मला दाखवला, म्हणजे माणूस ऐकणार नाही, उगाच तोंड वाजवू नको. काका पाठमोरे होते तरी त्यांना ते कळलं. "दाखव दाखव ठेंगा," ते म्हणाले. "तुह्यासाठीच करून रायलो हे सारं."

उत्तम तायडे हे माझे पहिले गुरू. मी अकरा वर्षांपूर्वी मिरजेहून इथं रेल्वेच्या ट्रेन लायटिंगमध्ये लागलो तेव्हा मला जयपूर स्टेशनचं नावसुद्धा नीट वाचता येत नव्हतं, इतका घाबरलो होतो. ट्रेन लायटिंग म्हणजे डब्यातले दिवे, पंखे, आणि डब्याच्या पोटाखाली पेटीत बसलेल्या ज्या बॅटऱ्या ते चालवतात त्या. काका मूर्तिजापूरचे. भुसावळला रेल्वेत खलाशी, म्हणजे कारागिराच्या हाताखालचा मदतनीस, म्हणून लागले, बदलीवर जयपूरला आले आणि दुर्गापुऱ्यात दोन खोल्या आणि गच्ची एवढं घर बांधून इथलेच झाले. उभा जन्म माणसानं डब्याखाली वाकून काढला. ॲसिडचं भोक नाही अशी त्यांची एकही पँट नव्हती. पाणी कमी झालेला सेल ते झाकण न उघडता नुसत्या वासावरून सांगायचे, असं मी नव्या पोरांना सांगतो आणि पोरं हसतात. हसू देत. मी पाहिलंय.

सुलोचनाकाकू बोलघेवड्या होत्या. गल्लीतल्या मारवाडी बायकांशी त्या खुशाल वऱ्हाडीत बोलायच्या, त्या बायका त्यांच्या बोलीत उत्तरं द्यायच्या, आणि तासतासभर कुणाचं काही अडायचं नाही. गेल्या ऑक्टोबरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर सगळं बोलणंही गेलं. "हाव" आणि "नाई" एवढे दोन शब्द उरले, आणि तेही कधी उलटे पडायचे. हो म्हणायचं असलं की नाई निघायचं, मग त्या स्वतःवरच चिडायच्या. म्हणून त्यांनी डाव्या अंगठ्याची भाषा काढली. वर म्हणजे हो, आडवा म्हणजे पाणी, खाली म्हणजे मला उठवा. आणि काकांसाठी खास तो ठेंगा.

पुण्याहून त्यांच्या मुलीनं, उत्कर्षानं, बिनवायरची बेल पाठवली होती. बटण काकूंच्या डाव्या हाताशी आणि वाजणारा भाग भिंतीतल्या चार्जरला जोडलेला. त्यात छत्तीस आवाज होते. काकूंनी सगळे ऐकून पाखरांचा चिवचिवाट निवडला होता. पण काका घरात असेपर्यंतच ती बेल कामाची. टाकीत पाणी बघायला गच्चीवर गेले, फाटकाशी भाजीचा ठेला आला, कोपऱ्यावर दूध आणायला गेले की बेल भिंतीत चिवचिवणार आणि ऐकणारा बाहेर. म्हणून बेल खिशात घेऊन फिरता आली पाहिजे, आणि त्यासाठी तिला पोर्टेबल चार्जर पाहिजे, आणि तो चार्जर आपल्या हातचा पाहिजे. हे एवढंच होतं. पण काकांच्या हाती बॅटरी आली की एवढंच काही राहत नसे.

महिनाभर ते तीन सेल एकमेकांशी लढवत होते. टॉर्चचे दोन जुने बल्ब लावून प्रत्येकाला दहा दहा तास जाळलं. दर अर्ध्या तासाला मीटर लावायचा आणि वहीत आकडा लिहायचा, शेडमध्ये लिहायचे तसाच. त्यांचा निकाल त्यांनी मला पोरीसाठी आलेली स्थळं सांगावीत तसा सांगितला.

"हा पाकिटवाला वजनानं हलका, खिशात कळनार नाई. पन याले उन्ह सोसत नाई आन् टाचनी लागली तरी पेटते. हा लॅपटॉपवाला मर्दगडी हाये. लहान अंगात सगळ्यात जास्त भरून घेते. पन डोकं फिरलं तर बॉम्ब हाये, बापा. खिशात ठेवून मले तिच्यापाशी बसाचं हाये. हा हिरवा," त्यांनी तो जाडजूड सेल हातात तोलला, "लोहा-फॉस्फेट. जड हाये. तेवढ्याच जागेत भरतेही कमी. पन तापला तरी भडकत नाई, आन् हजारदा भरा, हजारदा उतरवा, तक्रार नाई."

"म्हणजे काकूंना हाच पसंत," मी म्हणालो.

काकूंचा अंगठा वर गेला.

हिरव्या सेलाला नेहमीचं चार्जिंगचं सर्किट चालत नाही, तो कमी दाबावर भरावा लागतो. वेगळं सर्किट मी मागवलं. ते आलं त्या दिवशी माझी दोनची ड्युटी होती. सोबत बोटभर कागद, त्यावर बारीक इंग्रजीत बारा कलमं. काकांनी चष्मा वर-खाली केला आणि कागद माझ्याकडे दिला.

"पूर्न वाच. मराठीत सांग."

मी वाचायला लागलो. किती व्होल्टला भरणं थांबतं, किती करंट देतं, ध्रुव उलटे जोडू नका, ओलाव्यापासून जपा. दीड वाजून गेला होता. दुर्गापुऱ्याहून यार्डापर्यंत बस मिळायची म्हणजे नशिबाची गोष्ट. सातव्या कलमापाशी डोळे गेले, तिथं लिहिलं होतं की बाहेरचा भार फारच कमी असेल तर तीस सेकंदांत सर्किट आपोआप बंद होईल. हे मी वाचलं. वाचलं नाही असं नाही. मोबाईल पूर्ण भरला की पॉवरबँक आपली आपण बंद होते, त्यातलंच हे, असं मनात म्हणालो आणि कागद घडी करून टेबलावर ठेवला.

"बाकी सगळं नेहमीचंच आहे, काका."

त्यांनी विश्वास ठेवला. मी त्यांचाच शागीर्द, का ठेवू नये?

पुढच्या सुट्टीला गेलो तेव्हा सगळं तयार होतं. सेल, सर्किट आणि बेल ठेवायला प्लॅस्टिकची गुलाबी साबणदाणी. सर्किटवर एक निळा दिवा होता, चालू असताना जळणारा. त्यावर काकांनी काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. "फुकटचा कायले जाळाचा? थेंब थेंब करंट जाते." गाडी यार्डात उभी असताना डब्यात एक दिवा जळता दिसला तरी हा माणूस तीन रूळ ओलांडून तो विझवायला जायचा, त्यामुळे मला त्यात काही नवल वाटलं नाही.

मग आम्ही चाचणी घेतली. मी काकूंजवळ, काका गच्चीवर. जिन्यात हिसका बसून वायर सुटेल म्हणून त्यांनी वर जाऊनच बेल जोडली आणि ओरडले, "दाब!" काकूंनी दाबलं आणि वरून पाखरं चिवचिवली. फाटकाशी जाऊन परत जोडली, परत चिवचिवली. कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत गेले, तिथूनही, मला खिडकीतून दिसेल असा हात हलवून त्यांनी वाजल्याची खूण केली. गल्लीतून ते परत आले तेव्हा चेहरा असा की जणू नवी गाडी यार्डाबाहेर सोडून आलेत. काकूंनी त्या दिवशी ठेंगा दाखवला नाही. त्यांनी डाव्या हातानं काकांचा शर्ट धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

मग वायर पक्की करून त्यानंतर तीन आठवडे काका बेल घरातच जोडून साबणदाणी खिशात घालून फिरत होते. फोनवर मला कौतुकानं सांगायचे, "घराबाहेर एकदाबी नाई वाजली. मी वर असलो का ती मले तरासच देत नाई." एकदा हसत हसत एक गंमत सांगितली. गच्चीवरून खाली आले तर काकूंचं पांघरूण ओलं झालेलं आणि त्या रागानं लाल. काकांनी बेल भिंतीत लावली, तर काकू त्यांच्या डोळ्यांदेखत बटण दाबत सुटल्या. एकदा, दोनदा, दहादा. पाखरं नुसती चिवचिवतायत. "मी म्हनलं, वाजते ना बाई, वाजते. लेकरावानी खेळत होती." मीसुद्धा हसलो. हे लिहिताना मला माझ्या त्या हसण्याची किळस येते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी दहाच्या सुमारास काका कूलरचं जुनं गवत काढून नवं खसाचं, म्हणजे वाळ्याचं, भरायला गच्चीवर गेले. चाळीस मिनिटं लागली. बेल खिशात होती. खाली आले तेव्हा काकू गेल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका असावा किंवा हृदय थांबलं असावं, नेमकं सांगता येणार नाही. बटण पलंगावर होतं, डाव्या हातापासून वीतभर अंतरावर.

मी पोचलो तेव्हा काका खुर्चीवर बसले होते. त्यांच्या हाताला खसाचा वास येत होता. मला पाहून ते रडले नाहीत. म्हणाले, "बेल वाजली नाई, स्वप्नील. खिशातच होती माह्या. म्हंजे तिले काई झालंच नाई. झोपेतच गेली."

उत्कर्षा विमानानं संध्याकाळपर्यंत आली. जयपुरातच वाढलेली पोर, तिच्या मराठीत निम्मी हिंदी असते. ती दारातच वडिलांना बिलगली आणि तिनं पहिला प्रश्न तोच विचारला. "पप्पा, मतलब बेल होती ना तुमच्याकडे?"

"होती ना बेटा. वाजली नाई."

"मतलब मम्मीला दुखलं नाही."

"नाई दुखलं."

त्यानंतरचे दिवस जो येईल त्याला काका हेच सांगत होते. शेजारच्या मारवाडी बायकांना हिंदीत, रेल्वे कॉलनीतून आलेल्या आमच्या लोकांना वऱ्हाडीत, नागपूरहून फोन करणाऱ्या साळ्याला पुन्हा वऱ्हाडीत. बेल वाजली नाही, झोपेत गेली. काकूंच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदन होतं, त्या दिवशी वंदना घ्यायला भंतेजी मिळाले नाहीत, म्हणून काकांनी स्वतःच पुस्तिका समोर धरून त्रिशरण-पंचशील म्हटलं. आम्ही दहा-बारा जण पांढऱ्या कपड्यांत मागं मागं म्हणत होतो. त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. मला तेव्हा वाटलं, माणसाला शेवटी एक गोष्ट पुरते धरून राहायला. काकांना ती मिळाली होती.

त्या कार्यक्रमाला आमच्या मिरजेकडच्या, इथल्या शाळेत शिकवणाऱ्या गिरिजाताई आल्या होत्या. त्यांचे यजमान सुभेदार हिंदुराव सीमेवर आणि त्या इथं लष्कराच्या क्वार्टरमध्ये म्हाताऱ्या आईला घेऊन एकट्या. आईचं खुब्याचं हाड मोडलेलं. निघताना त्यांची नजर पलंगाशेजारच्या बटणावर गेली.

"आमची आई हाक मारत न्हाई बघा," त्या म्हणाल्या. "मी खाली कपडे वाळत घालाय गेले, पाणी भराय गेले, की तशीच पडून ऱ्हाती. मला उगं पळाय लागू नये म्हणती. असलं कुठं मिळतंय हो?"

"इकतची कायले?" काका लगेच म्हणाले. "हीच घेऊन जा. सुलोचनाले तिचं काम पडलं नाई. तुमच्या आईले पडन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू घरी ने. चार्ज कर, पुसून घे. मले तिले हात लावू वाटत नाई अजून. रविवारी आन, मी सोता ताईले समजावून देतो."

मी साबणदाणी आणि बटण घरी आणलं. आधी सेलाला मीटर लावला. सेल जवळजवळ भरलेला होता. तीन आठवड्यांत काकांनी तो चार-पाचदा तरी चार्ज केला असणार, तेव्हा भरलेला दिसणारच. बेल जोडली, बटण दाबलं, पाखरं चिवचिवली. बायकोनं चहा आणून ठेवला. चहा पिता पिता सहज पुन्हा बटण दाबलं. काही झालं नाही. बटणाचा सेल गेला असेल म्हणून तो बदलला, तरी काही नाही. मग मी सर्किटवरची काळी चिकटपट्टी नखानं सोलली. निळा दिवा विझलेला होता.

वायर काढून परत लावली. दिवा लागला. मी घड्याळाकडे बघत बसलो. तिसाव्या सेकंदाला दिवा गेला.

बेल नुसती वाट बघत असते तेव्हा ती खातेच किती? मुंगीएवढं. सर्किटला वाटलं बाहेर कुणी नाही, आणि ते झोपी गेलं. हिरवा सेल भरलेला, उन्हात न फुगणारा, न भडकणारा, हजारदा भरता येणारा, आणि त्याच्या पुढचं दार बंद. त्या ओल्या पांघरुणाच्या दिवशी काकू खेळत नव्हत्या. त्या सांगत होत्या. शब्द नव्हते म्हणून अंगठ्यानं सांगत होत्या, की मी अशी दाबत होते, अशी, अशी, आणि तू आला नाहीस. आणि आम्ही दोघं बॅटरीवाले ते ऐकून हसलो होतो.

बायकोला मी काहीच सांगितलं नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही, तर तिला वाटलं ऊन लागलं.

काकांना सांगायचं कसं? त्यांच्याकडे एकच गोष्ट उरली होती, बेल वाजली नाही म्हणून तिला त्रास झाला नाही. ती काढून घ्यायची आणि हातात काय द्यायचं? आणि न सांगावं तर ही साबणदाणी अशीच्या अशी आणखी एका म्हातारीच्या घरी जाणार. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका डब्यातले दिवे माझ्या सैल नटामुळे गेले होते. काका मला रागावून एक शब्द बोलले नव्हते, त्यांनी फक्त नोंदवही समोर सरकवली आणि कारणाच्या रकान्यात माझ्या हातानं माझं नाव लिहायला लावलं. तेव्हा मी लिहिलं होतं. आता मी चोरवाट काढली.

सर्किटच्या तोंडावर एक रेझिस्टर लावला. तो सारखा थोडा थोडा करंट खात राहतो, त्यामुळे सर्किटला वाटतं बाहेर कुणीतरी आहे, आणि ते जागं राहतं. सेल लवकर उतरतो, पण दिवस निघतो. घाईत सोल्डरिंग वाईट झालं. चिकटपट्टी परत लावली, झाकण बसवलं. बेल तासभर ठेवून दाबली, वाजली. दोन तासांनी दाबली, वाजली. गिरिजाताईंच्या आईचं काम झालं आणि काकांची गोष्टही शाबूत राहिली, असं मी स्वतःला समजावलं.

रविवारी सकाळी गेलो. उत्कर्षा स्वयंपाकघरात पोहे करत होती. गिरिजाताई यायच्या होत्या. काकांनी साबणदाणी हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"काका, मी बघितलंय सगळं."

"तू पायलं ना. मीही पायतो."

त्यांनी झाकण उघडलं. ते खाली वाकले. रेझिस्टरवर बोट ठेवलं, तो किंचित गरम होता. मला पळून जावंसं वाटलं.

"हा तू लावला?"

"हो."

"कायले?"

मी तयार करून आणलेलं एक उत्तर होतं, सेलाच्या आयुष्यासाठी चांगलं असतं असं काहीतरी. ते तोंडातून निघालं नाही. मी खालच्या आवाजात सातवं कलम सांगितलं. "त्या कागदावर होतं, काका. मी वाचलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही. घाई होती मला."

"किती सेकंदात बंद होते?"

"तीस."

ते जिन्याकडे बघत राहिले. "सतरा पायऱ्या हायेत," ते म्हणाले. "मले गुडघ्यानं येळ लागते. वर पोचेलोकच बंद होत असन."

मी मान हलवून हो म्हणालो.

"दहा दहा घंटे सेल पायला मी," ते म्हणाले. "बेल दहा सेकंदबी नाई पायली. जोडली का वाजवली, जोडली का वाजवली." मग त्यांचा डावा हात मांडीवर होता त्याचा अंगठा आपोआप खाली-वर व्हायला लागला, बटण दाबल्यासारखा. एकदा, दोनदा, तीनदा. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरला आणि दाबून ठेवला. त्यांना ते पांघरूण आठवलं होतं. मी त्यांचे पाय धरले. माझं चुकलं, काका, एवढंच मी म्हणत होतो, किती वेळा म्हणालो कुणास ठाऊक.

स्वयंपाकघरातून उत्कर्षानं विचारलं, "स्वप्नीलभैया, चहामध्ये साखर?"

काकांनी माझा खांदा धरून मला उठवलं. त्यांनी डोळे बाहीनं पुसले. "दोन चमचे," त्यांनीच तिला सांगितलं. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "पोरीले नको सांगू. कवाच नको सांगू. तिची माय झोपेत गेली."

"हो, काका."

"आन् हे तुहं सोल्डर कच्चं हाये. हालवलं का सुटन. दुसऱ्याच्या मायले देनं हाये आपल्याले."

त्यांनी कपाटातून सोल्डरिंग आयर्न काढलं, प्लगमध्ये लावलं, तापेपर्यंत हातात धरून बसले. माझे दोन्ही जोड उखडले, घासले, आणि नव्यानं केले. त्यांचा हात हलत नव्हता. निळ्या दिव्यावरची काळी चिकटपट्टी त्यांनी सोलून काढली आणि बोटांत गोळी करून खिडकीबाहेर टाकली. दिवा जळत राहिला.

गिरिजाताई आल्या. काकांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. रोज चार्ज करायची, हा दिवा जळता दिसला पाहिजे, दिसला नाही तर बेल मेली समजायची आणि काकांना फोन करायचा, ते येतील. ताईंना शाळेत पोचायचं होतं, रविवारी कसलीशी मीटिंग होती. त्या उठायला लागल्या.

"अर्धा घंटा बसा," काका म्हणाले. "मंग न्या."

"उशीर हुतोय मला, काका. वाजत्या न्हवं? बास की."

"अर्धा घंटा, ताई."

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, ताई बसल्या. उत्कर्षानं पोहे आणले. आम्ही चौघं बाहेरच्या खोलीत बसलो, साबणदाणी गिरिजाताईंच्या मांडीवर. काका घड्याळ बघत होते. त्यांनी पोह्यांना हात लावला नाही. अर्धा तास झाला तेव्हा ते बटण हातात घेऊन उठले, आतल्या खोलीत गेले आणि काकूंच्या पलंगावर बसले. त्यावरची गादी काढून टाकली होती, नुसत्या पट्ट्या होत्या. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती.

ताईंच्या मांडीवर पाखरं चिवचिवली.

"वाजली, काका," गिरिजाताईंनी सांगितलं. "चांगली वाजली."

पाखरं थांबली आणि परत सुरू झाली. ताई मोठ्यानं म्हणाल्या, "ऐकाय आलं हो." ती परत वाजली, आणि परत. ताई माझ्याकडे बघायला लागल्या. पाचव्यांदा का सहाव्यांदा वाजली तेव्हा उत्कर्षा, "पप्पा?" म्हणत खुर्चीवरून उठली, आणि मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.